कुंपण घातलं की घुसखोरी थांबते?

खाडीकाठ
गावच्या ग्रुपवर कालपासून एक पोस्ट फिरतेय: "बांगलादेश सीमेवर एकही फट न ठेवता कुंपण घाला, सहा महिन्यांत कोकणातल्या चिरेखाणी आणि बंदरं साफ होतील." मी विरोधात चार शब्द लिहिले तर 'देशद्रोही' म्हणून गप्प केलं, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

ती सीमा ४०९६ किलोमीटरची आहे आणि त्यातल्या सुमारे ३२०० किलोमीटरवर कुंपण आधीच उभं आहे. पाऊण भाग झालाय की! उरलेल्यात नद्या, दलदल, दरवर्षी पुरात जागा बदलणारी वाळूची बेटं. तिथे खांब रोवायचा कशात? गेल्या साली घराच्या पायासाठी चिरा आणायला मी खाणीवर गेलो होतो. एकाच्या पायाला मशीनचं पातं लागलं, माझ्याच गाडीतून त्याला आणि त्याच्या दोन सोबत्यांना दवाखान्यात नेलं. खिडकीवर तिघांनी आधार कार्ड काढली. तिघांचा पत्ता एक, तिघांची जन्मतारीख १ जानेवारी, आणि पत्त्यातल्या गावाचं नाव एकालाही धड सांगता येईना. ती कार्डं कुंपणाने थांबत नाहीत, ती माणूस बनवतो. आणि मुकादम काही विचारत नाही, कारण असा मजूर निम्म्या मजुरीत राबतो.

सीमेवरचा_फौजी
जन्मतारखेवरून माणूस बांगलादेशी ठरवणार? आमच्या अख्ख्या पिढीची शाळेच्या दाखल्यावर १ जून आहे, आम्ही पण घुसखोर का?

आता कुंपणाचं ऐका. मी सोळा वर्षं त्या सीमेवर काढलीत, बंगालातल्या नदिया आणि मालद्याला. कुंपण शून्य रेषेवर, म्हणजे प्रत्यक्ष हद्दीवर नसतं, दीडशे यार्ड आत असतं, त्यामुळे आपल्याच शेतकऱ्यांची जमीन तारेच्या पलीकडे राहते. ठरल्या वेळी गेट उघडायचं, ओळखपत्र जमा करून घ्यायचं, वहीत नोंद करायची, संध्याकाळी मोजून परत आत घ्यायचं. जानेवारीत धुकं असं पडतं की हातातली काठी दिसत नाही. तार माणसाला अडवत नाही हे मलाही माहीत आहे, ती त्याला उशीर लावते. कापायला, शिडी लावून चढायला जी पाच-दहा मिनिटं लागतात ना, त्यात गस्त पोचते. तार नव्हती तेव्हा माणूस शेताच्या बांधावरून चालत यायचा, कळायचंसुद्धा नाही. इस्रायलने इजिप्तच्या बाजूला कुंपण बांधलं, २०१२ मध्ये दहा हजारांच्या वर लोक आत आले होते, २०१३ मध्ये पन्नाससुद्धा नाहीत. घरात बसून लिहिणं सोपं आहे.

खाडीकाठ
इस्रायलचं अर्धंच सांगितलंत दादा. त्याच २०१२ साली त्यांनी कायदा केला, आत आलेल्याला खटल्याशिवाय तीन वर्षं कोठडीत ठेवायचा. लोक तारेला घाबरले की कोठडीला? आणि हंगेरीने २०१५ मध्ये सर्बियाच्या बाजूने कुंपण घातलं, तर निर्वासितांचा लोंढा क्रोएशियाकडे वळला, महिन्याभरात तिकडेही तार ओढावी लागली.

देवगडकर
इस्रायल-हंगेरी ठेवा बाजूला, माझ्या बागेत येऊन बघा. कलमांना सोलर कुंपण घातलं, कर्ज काढून. पहिले पंधरा दिवस माकडं फिरकली नाहीत. मग त्यांनी शेजारच्या फणसाची फांदी शोधली आणि थेट आत उड्या. मोहोर ओरबाडला, कैऱ्या चावून टाकल्या. नुकसानीचा अर्ज केला तर म्हणे पंचनाम्याला माणूस नाही. शेवटी नेपाळी राखणदार ठेवला, तोच गलोल घेऊन फिरतो. कुंपण म्हणे!

हर्णै_बंदर
मग फांदी तोड ना. कुंपणाचा काय दोष?

देवगडकर
फणस शेजाऱ्याचा आहे, तो हात लावू देत नाही! वडिलांपासून त्या हद्दीचा वाद आहे. तुम्हा मच्छीवाल्यांना बागायतदाराचं दुखणं काय कळणार.

हर्णै_बंदर
आमची दुखणी तुम्हाला कळतात का? परराज्यातले ट्रॉलर रात्री एलईडी लावून आमच्या पाण्यातली मासळी उपसून नेतात, एलईडीवर २०१७ पासून बंदी असून. समुद्राला कुठे तार लावणार? १९९३ मध्ये मुंबईच्या बॉम्बस्फोटांसाठी रायगडातल्या शेखाडीला आरडीएक्स उतरलं तेव्हा कस्टमवाले होते की नव्हते? होते, आणि त्यांच्यातल्याच माणसांना पुढे शिक्षा झाल्या. कुंपणानेच शेत खाल्लं. २६/११ ला तर आपल्याच मच्छीमाराची बोट पळवून आले.

आणि तुझा तो राखणदार पण बाहेरचाच ना, त्याचे कागद बघितलेस?

देवगडकर
नेपाळी आहे तो! १९५० च्या करारापासून त्यांना इथे राहायला, काम करायला मुभा आहे. तोंड सांभाळून बोल. नऊ वर्षं तो माझ्या बागेत आहे, माझी आई गेली तेव्हा खांदा दिलाय त्याने, माझे भाऊ मुंबईहून पोचायच्या आधी.

सीमेवरचा_फौजी
माकडं आणि मासे बास करा. विषय सीमेचा आहे.

दापोलीची_लेक
मग माझंही ऐकाच. माझे अब्बा कुवेतला ड्रायव्हर होते. कफीलने, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाने, पासपोर्ट स्वतःकडे ठेवला, पगार थकवला, अब्बा दुसरीकडे कामाला गेले आणि त्या दिवसापासून बेकायदा ठरले. सहा वर्षं. माझ्या निकाहाला येऊ शकले नाहीत, फोन स्पीकरवर ठेवून दुवा दिली त्यांनी. २०१८ मध्ये कुवेत सरकारची माफी निघाली तेव्हा दंड न भरता सुटले. कुठली तार ओलांडली होती त्यांनी? विमानाने, शिक्क्याचा व्हिसा घेऊन गेले होते. अमेरिकेतही बिनकागदाचे राहणारे कितीतरी लोक असेच, रीतसर जाऊन मुदत संपल्यावर थांबलेले. आपल्या किनाऱ्यावरच्या किती घरांत असा एक माणूस आहे, आणि आपणच 'घुसखोर घुसखोर' ओरडतो.

सीमेवरचा_फौजी
ताई, तुमच्या अब्बांचं वाईट वाटलं, खरंच. पण चोरून रात्री येणारा आणि ते, दोघांना एका मापात घालू नका.

दापोलीची_लेक
पोटासाठी गेलेला माणूस दोन्हीकडे एकच असतो, भाऊ. माप सरकार लावतं.

सीमेवरचा_फौजी
असेल. ठीक आहे, नदीपट्ट्याचं मान्य करतो. आसामात धुबरीला ब्रह्मपुत्रेत तार टिकत नाही म्हणूनच २०१९ मध्ये तिथे कॅमेरे आणि सेन्सर बसवले. मुकादमाला धरा हेही मान्य. पण जिथे तार आहे तिथली काढा असं कोणी म्हणालं तर माझ्यापुढे येऊन म्हणावं.

खाडीकाठ
काढा असं मी कुठेच म्हटलेलं नाही. मालक आणि मुकादम मोकळे सोडून नुसती तार ओढून भागणार नाही, एवढंच म्हणतोय.

हर्णै_बंदर
एक विचारू? तू ती तीन कार्डं डोळ्यांनी बघितलीस. पोलीस पाटलाला सांगितलंस?

खाडीकाठ
नाही सांगितलं.

हर्णै_बंदर
का?

खाडीकाठ
खाण माझ्या चुलत्यांच्या जमिनीत आहे. आणि त्या पोराच्या पायाला अकरा टाके पडले होते, त्याला घेऊन पोलिसांत कुठे जाणार होतो. चिरा मी तिथूनच घेतला, घर त्याच चिऱ्याचं आहे.