हद्दवाढीत गाव शहरात गेलं, आता खळ्यातल्या म्हशींचं काय? (धुळे) – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही वलवाडीचे. 2018 च्या हद्दवाढीत गाव धुळे महापालिकेत गेलं. घरपट्टीच्या पावतीवरचं नाव बदललं, खळं होतं तिथंच राहिलं. खळ्यात दोन म्हशी, एक रेडकू, चार शेळ्या आणि आईच्या कोंबड्या. घरापुरतं ठेवून उरलेलं दूध कॉलनीतल्या सात-आठ घरी आबा घालतात.

खळ्याला लागून पूर्वी ज्वारी असायची, आता तिथं प्लॉट पडलेत. सगळ्यात जवळच्या बंगल्याची बेडरूमची खिडकी थेट आमच्या उकिरड्यावर उघडते. खिडकी काढताना कोणी विचार केला नाही का, असं मनात येतं, पण ते जाऊ द्या. त्या काकांचं म्हणणं: माश्या होतात, आणि पावसाळ्यात शेणाचं पाणी रस्त्याच्या गटारीत उतरून त्यांच्या फाटकासमोर तुंबतं. दुसरी गोष्ट खरी आहे, मी स्वतः पाहिलंय. आता ते म्हणतात, "शहरात जनावरं पाळायला बंदी आहे, महापालिकेत अर्ज देतो." (त्यांचा अल्सेशियन रात्रभर भुंकतो, तो त्यांच्या हिशोबात जनावर नसावा. आणि परवापर्यंत त्यांच्याकडे दूध आमचंच जायचं.)

आबांचं एकच पालुपद: "आम्ही पहिलेपाईन आठेच शेतस, तो मांगून उना."

मला एवढंच समजून घ्यायचंय, खरंच सरसकट बंदी आहे का? परवाना लागत असेल तर कशाकशाला? आणि "आम्ही आधीपासून आहोत" याला कागदावर काही वजन आहे का? नोटीस अजून आलेली नाही. यायच्या आधीच तयारीत राहावं म्हणतो. म्हशी विकायचा विषय आबांपुढे काढायची माझी हिंमत नाही.

वहिनी_देवपूर:
आधी दूध पुन्हा सुरू करा त्यांचं. निम्मी तक्रार तिथंच मिटेल. 😀

तारीख_पे_तारीख:
भाऊ, सरसकट बंदी नाही, पण मोकळं रानही नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम 376 बघा. इमारतीत किंवा आवारात घोडे, गुरं किंवा इतर चार पायांची जनावरं विक्रीसाठी, भाड्यानं देण्यासाठी किंवा त्यांच्यापासून मिळणारा माल विकण्यासाठी ठेवायची, तर आयुक्तांचा परवाना लागतो. तुमचं घोडं अडतं ते या शेवटच्या शब्दांवर. घरी पिण्यापुरतं दूध वेगळं आणि सात-आठ घरी रतीब वेगळा. रतीब आला की परवाना आला. दूध विकताय म्हणजे अन्नसुरक्षा कायद्याखालची नोंदणीही करून ठेवा. ती ऑनलाइन होते. शेळ्या चार पायांच्याच, त्यांचं दूध किंवा बोकड विकत असाल तर त्याही यात धरा. आईच्या कोंबड्या दोन पायांवर सुटल्या, निदान या कलमातून.

आबांचा मुद्दा मनाला पटतो, पण कायद्याला नाही. सार्वजनिक उपद्रव असेल तर तो किती वर्षांपासून चालू आहे, याला अर्थ राहत नाही. जुनेपणानं तो हक्क होत नाही. काकांनी नेट लावला तर महापालिकेखेरीज दुसरी वाटही आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली कार्यकारी दंडाधिकारी उपद्रव हटवायचा सशर्त आदेश काढू शकतात. पूर्वी हेच फौजदारी प्रक्रिया संहितेचं 133 होतं. आदेश आला तर मुदतीत हजर राहून म्हणणं मांडता येतं. गप्प बसायचं नाही, एवढं लक्षात ठेवा.

जुना सातबारा, ग्रामपंचायतीच्या काळातली घरपट्टी, डेअरीची पुस्तकं असतील तर जपून ठेवा. हक्क सिद्ध होणार नाही, पण अर्ज करताना आणि मुदत मागताना उपयोग होतो.

खुंटा_आणि_दावण:
मी पशुवैद्यकीय खात्यात होतो, आता निवृत्त. कायदा वरच्या भाऊंनी सांगितला, मी शेणाचं बोलतो. भांडण म्हशीचं नाहीच, शेणाचं आहे.

मोठं जनावर दिवसाला 15 ते 20 किलो शेण टाकतं. दोन म्हशी म्हणजे महिन्याला टनभर. ते खिडकीखाली साठवलं तर कोणीही बोंबलेल, मीही बोंबललो असतो. उकिरडा खळ्याच्या दुसऱ्या टोकाला हलवा. गोठ्याला फरशी किंवा कोबा करा, उतार आतल्या बाजूला द्या, मूत्र आणि धुण्याचं पाणी झाकणाच्या टाकीत घ्या. गटारीत थेंबही जाता कामा नये. एक घनमीटरच्या गोबरगॅसला रोज 25 किलोच्या आसपास शेण लागतं, तुमच्याकडे तेवढं आरामात निघतं. माश्या ओल्या शेणावर अंडी घालतात. तेच रोजच्या रोज टाकीत गेलं की अर्ध्याहून जास्त काम होतं. ढेप भिजवायचं टोपलंही झाकून ठेवा, आंबलेल्या सरकीवर माश्या तुटून पडतात.

आणि कानात बिल्ले आहेत का? 12 अंकी पिवळा बिल्ला. 1 जून 2024 पासून राज्यात त्याशिवाय खरेदी-विक्री नाही. 2022 च्या साथीत लम्पी या त्वचारोगाचं राज्यातलं पहिलं जनावर आपल्याच खानदेशात, रावेरच्या चिनावलला सापडलं होतं, तेव्हापासून नोंदी जास्त कडक झाल्या. बिल्ला आणि लसीकरणाची नोंद अर्जाला जोडा. जनावर सांभाळणारा माणूस आहे, हे समोरच्याला दिसतं.

प्लॉट_नंबर_चौदा:
मी दुसऱ्या बाजूचा. आमच्या मागेही गोठा आहे. वीस वर्षांचं कर्ज काढून घर बांधलं आणि जेवताना दारं लावून बसावं लागतं. "तो मागून आला" हे ऐकून डोकं फिरतं. प्लॉट विकणारे कोण होते? गावातलेच ना?

तारीख_पे_तारीख:
चौदा नंबरवाल्यांचं खरं आहे. आणि जाता जाता: कुत्र्यालाही नोंदणी आणि रेबीजची लस लागते. पण धागाकर्ते, तो अल्सेशियन अर्जात ओढू नका. सूड वाटतो आणि तुमचा मुद्दा हलका होतो.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. चौदा नंबर, प्लॉट विकणाऱ्यांत आमचे चुलतेही होते, त्यामुळे यावर मी काय बोलू. आबांना कलम वाचून दाखवलं, ते उठून वैरण टाकायला गेले. टाकीचं मात्र त्यांना पटलंय, गवंडी रविवारी बघून जाणार आहे. परवान्याच्या अर्जाला गोठ्याचा नकाशा जोडावा लागतो का, आणि तो साध्या कागदावर हातानं काढलेला चालतो का? कोणी असा अर्ज केला असेल तर कृपया सांगा.