नाना शंकरशेट: व्यापारातून सार्वजनिक जीवनात

प्रश्न: जगन्नाथ शंकरशेट (१८०३–१८६५) यांच्याविषयी वाचताना त्यांच्या दानशूरपणाचेच वर्णन अधिक आढळते. वडिलोपार्जित व्यापार सांभाळणारा हा गृहस्थ राजकारणात नेमका कसा उतरला, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १: माझ्या मते त्यांचे राजकारण शिक्षणातून उगवले. शिक्षण मंडळाचे सदस्य असताना अध्यक्ष अर्स्किन पेरी इंग्रजीचा आग्रह धरीत होते, तेव्हा सामान्य लोकांपर्यंत ज्ञान पोहोचवायचे असेल तर ते त्यांच्या मातृभाषेतूनच दिले पाहिजे, ही भूमिका नानांनी ठामपणे मांडली. सत्ताधाऱ्यांच्या मंडळात बसून त्यांच्याच अध्यक्षाला विरोध करणे त्या काळी सोपे नव्हते, आणि मला नानांचे मोठेपण त्यांच्या देणग्यांपेक्षा येथे अधिक दिसते.

उत्तर २: वरील मताशी सहमत आहे, मात्र १८५२ची बॉम्बे असोसिएशन विसरू नये. ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदेच्या (राज्यकारभाराच्या परवान्याच्या) नूतनीकरणाचा प्रश्न पुढे असताना या संस्थेने ब्रिटिश संसदेकडे अर्ज पाठवून कारभारातील दोष आणि भारतीय लोकांना डावलले जाणे यांकडे लक्ष वेधले. तिच्या स्थापनेत नाना अग्रभागी होते. पुढे १८६१च्या ‘इंडियन कौन्सिल्स अ‍ॅक्ट’ या कायद्यानुसार बनलेल्या मुंबईच्या विधिमंडळावरही त्यांची नेमणूक झाली. ती निवडणूक नव्हती, हे ध्यानात ठेवूनच त्यांना ‘लोकप्रतिनिधी’ म्हणावे.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार. पेरींशी झालेला वाद मला ठाऊकच नव्हता; आता तोच आधी वाचतो.