मदत हवी आहे: ब्लॅक अँड व्हाइट केलं की आजीचं कुंकूच गायब होतंय

पुढच्या महिन्यात आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन आहे. दोघांचे फोटो १२ बाय १८ इंचांत छापून भिंतीवर लावायचेत, म्हणून गेल्या आठवड्यात गावी जाऊन खळ्याशेजारच्या लिंबाखाली काढले. वेळ चुकली, कबूल. दुपारचे साडेबारा. पण आजी तेवढ्याच वेळात मोकळी सापडली. डोक्यावर पदर, त्यामुळे कपाळ-डोळे सावलीत आणि हनुवटी उन्हात.

मागे निळी ताडपत्री आणि शेजाऱ्यांचा लाल ट्रॅक्टर डोळ्यांत खुपतो, म्हणून ब्लॅक अँड व्हाइट करायला घेतला. स्नॅपसीड अ‍ॅपमध्ये लाल फिल्टर लावला तर चेहरा काय सुंदर उजळतो! हनुवटीवरचं गोंदणसुद्धा उठून दिसतं. पण कुंकू साफ. हिरवा लावला तर कुंकू परत येतं आणि चेहरा काळवंडतो. नुसतं सॅच्युरेशन (रंगांची तीव्रता) शून्यावर नेलं तर कपाळ आणि कुंकू एकाच राखाडी रंगाचं.

लाल फिल्टरवाला फोटो आजीला दाखवला. तिने फोन आधी जवळ धरला, मग लांब धरला. म्हणाली, "म्हातारा जित्ता हाय की अजून. मला पांढऱ्या कपाळाची कशापायी केलीस?" आजोबा हसले, ती नाही हसली.

रॉ फाइल (कॅमेऱ्याची कच्ची, न दाबलेली फाइल) आहे, फोनवर लाइटरूम हे एडिटिंगचं अ‍ॅपही आहे. ब्रशने कुंकू काळं करणं खोटं वाटतं. दुसरा काही मार्ग?

प्रतिसाद:
फिल्टर सगळ्या फोटोला एकदम लागतो, तिथेच गोची आहे. लाइटरूममध्ये ब्लॅक अँड व्हाइट केलं की आठ रंगांचे वेगळे स्लायडर मिळतात. आपली सावळी त्वचा बहुतेक नारंगीत येते, कुंकू लालमध्ये. नारंगी २० ने वर, लाल ३५-४० ने खाली करून बघा. फार ओढलंत तर ओठ आणि नाकाचा शेंडा डागाळेल. मग लाल थोडा परत घ्या आणि कुंकवापुरता मास्क करून (म्हणजे तेवढाच भाग निवडून) तिथलं एक्स्पोजर, म्हणजे उजळपणा, उतरवा. रॉवरच करा, जेपीईजीत ठोकळे दिसू लागतात.

आणि ब्रशला खोटं म्हणू नका हो, स्टुडिओवाले निगेटिव्हवर पेन्सिल चालवायचेच. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला तर लाल रंग दिसायचाच नाही, म्हणून त्या काळच्या फोटोंत कुंकू काळंभोर येतं.

धागाकर्ता:
नारंगी +२२, लाल -३५. कुंकू आलं! वरच्या ओठाचा डाग मास्कने काढला. आजीला पाठवला, तर आता "चुडा काळा का दिसतोय?" हिरवा स्लायडर वर नेला की चुडा उजळतो, पण मागचा लिंब बर्फ पडल्यासारखा पांढरा होतो. तिथेही मास्कच का?