विषय: वरुडला जुनी एटीव्ही घेतलीय, हात कुठून घालू?

प्रेषक: वरुडकर

सर्वांना नमस्कार,

मार्चपर्यंत गावीच आहे, वरुडपासून थोडं आत. मोर्शीच्या बाजूला एक फार्म रिसॉर्ट बंद पडलं, तिथली चारचाकी एटीव्ही (खडबडीत वाटेवर चालवायची, मोटरसायकलसारखं हँडल असलेली गाडी) चुलतभावाच्या ओळखीने 25 हजारांत मिळाली. चिनी, 110 सीसी. कोणत्या कंपनीची ते सांगणारा एकही स्टिकर अंगावर उरलेला नाही. काही पावसाळे उघड्यावर काढलेत. सेल्फ मारला की इंजिन फिरतं, पण पकडत नाही. टाकीतून पेट्रोलचा नाही, जुन्या रंगाच्या डब्याचा वास येतो.

बाबांचे गुडघे गेलेत, संत्र्याच्या बगिच्यात फेरी मारायची तर दोनदा बसावं लागतं. मृगाचा माल तोडायला येईल तोवर गाडी हाताशी आली तर बरं होईल. मला पाना धरता येतो, यापलीकडे काही येत नाही. कॅलगरीत गाडीचं ऑइलसुद्धा दुकानातच बदलून घेतो. कॅनडातल्या आपल्या मंडळात क्वाडवाले, म्हणजे अशा गाड्या बाळगणारे, बरेच आहेत म्हणून विचारतोय.

प्रेषक: रेड डिअरवाला दादा

वरुडकर, अभिनंदन आणि सहानुभूती, दोन्ही घे.

इंजिन सुरू करायच्या मागे अजून लागू नकोस. आधी गाडी भक्कम लाकडी ठोकळ्यांवर उचल. पुढचं चाक डावी-उजवीकडून धरून हलव. खडखड आली तर टाय रॉडची, म्हणजे स्टिअरिंगपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्यांची, टोकं गेलीत. मग वर-खाली धरून हलव, तिथे बॉल जॉइंट किंवा बेअरिंग कळेल. मागच्या ॲक्सलच्या नटात कॉटर पिन आहे का बघ. स्वस्तातल्या जुन्या गाड्यांत ती हरवलेली असते आणि तिच्या जागी कुणीतरी खिळा वाकवून घातलेला असतो. चेन साधारण इंचभर ढिली हवी. ब्रेक बहुधा पुढे केबलचे ड्रम आणि मागे ॲक्सलवर एकच डिस्क असे असतील. मागचं लिव्हर दाबून धर. हळूहळू आत जात राहिलं तर मास्टर सिलिंडर, म्हणजे ब्रेक ऑइल दाबणारा भाग, गळतोय.

मी हे आधी का सांगतो? गाडी सुरू झाली की ती कुणीतरी बगिच्यात घेऊन जाणारच, आणि घेऊन जाणारा बहुधा तू नसतोस, चौदा वर्षांचा पुतण्या असतो. 25 हजारांच्या गाडीवर पहिले पैसे ब्रेक आणि स्टिअरिंगवर घाल. मडगार्ड, सीट, रंग वगैरे राहू दे तसंच.

आता इंजिन. ऑइलचा बोल्ट काढ. दुधाळ निघालं तर पाणी गेलंय. भरताना मोटरसायकलचंच ऑइल घाल, कारचं नको. याचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो, कारच्या ऑइलने तो घसरायला लागतो. साधारण पाऊण लिटरच्या आसपास बसेल, पण आकड्यावर न जाता डिपस्टिक बघ.

मग ठिणगी. प्लग काढून कॅपमध्ये घाल, त्याचा धातू हेडला टेकव आणि सेल्फ मार. हे टाकीला हात लावायच्या आधी कर, सांडलेल्या पेट्रोलजवळ नको. ठिणगी नसेल तर लगेच सीडीआय (ठिणगी पाडणारी इलेक्ट्रॉनिक डबी) विकत आणू नकोस. या गाड्यांना किल स्विच, म्हणजे इंजिन बंद करणारे स्विच, एकापेक्षा जास्त असतात: हँडलवरचा लाल, मागे दोरीवाला (दोरी ओढली की इंजिन बंद), कधी रिमोटचासुद्धा. सीडीआयकडे जाणारी काळी-पांढरी तार क्षणभर सोडव. ठिणगी आली तर सीडीआय ठणठणीत आहे, खोट स्विचमध्ये आहे. तपासणी झाली की तार परत जोडायची. दोरीवाला स्विच हा तुझ्या गाडीवरचा सगळ्यात उपयोगी भाग आहे, मिस्त्रीला तो कापू देऊ नकोस.

पेट्रोल शेवटी. टाकी पूर्ण रिकामी कर. हल्ली तिकडे पंपावर 20 टक्के इथेनॉलवालं मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून गाडी उभी ठेवायची तर टाकी आणि कार्ब्युरेटर कोरडे करूनच ठेवत जा. कार्ब्युरेटरची खालची वाटी काढलीस की तळाशी हिरवट चिकट थर दिसेल. मधे पेट्रोल मोजून सोडणारे दोन पितळी जेट असतात. त्यातला मोठा तो मेन; लहान, आत खोल बसलेला, तो पायलट. पायलट काढून उन्हाकडे धर. टाचणीच्या टोकाहून बारीक भोक आरपार दिसलं पाहिजे. दिसलं नाही तर विजेच्या वायरीतली तांब्याची एक तार सोलून तिने साफ कर. क्लच केबलची पोलादी तार घालू नकोस, पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि गाडी कायम जास्त पेट्रोल पीत राहते.

एवढं करूनही पकडलं नाही तर वॉल्व्हचा गॅप बघ. थंड इंजिनवर, फ्लायव्हीलची टी खूण (पिस्टन सगळ्यात वर असल्याची) जुळवून, 0.05 मिमी. त्यानंतर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, पूर्ण थ्रॉटल उघडा ठेवून. शंभर-सव्वाशे पीएसआयच्या वर आलं तर निश्चिंत राहा.

प्रेषक: आर्वीचे काका (सध्या मिसिसागा)

अरे बाप्पा, दादानं तं पोट्ट्याले पुरा कोर्सच देल्ला! मी दोनच गोष्टी सांगतो.

एक, घाबरू नको. हे आडवं इंजिन मूळ होंडाच्या कब नावाच्या छोट्या गाडीचं, 1958 पासूनचं घराणं हाये. आपल्याकडं 1985 मधी हिरो होंडाची सीडी 100 आली, मंग स्प्लेंडर. तेई त्याच खानदानातले. तुह्या गावच्या मिस्त्रीले स्प्लेंडर डोळे मिटून खोलता येते नं? मंग हे बी येईन. फक्त पार्ट जसेच्या तसे बसतीन असं समजू नको. जुना पार्ट खिशात घालून दुकानात जाय, काउंटरवर जोडून पाह्य, मंगच पैसे दे.

दुसरं, टायर. पंक्चरवाला सवयीनं तीस हवा मारते. याले चार-पाच पीएसआय पुरे, अन् त्याच्याकडचा काटा एवढं कमी दाखवतच नाही. छोटा काटा इकत घे. जास्त हवा भरली का हे गाडी धुऱ्यावर, म्हंजे बांधावर, चेंडूवानी उडते. अन् तुरीच्या वावरात नेऊ नको. तुराटीचे खुटं ट्रॅक्टरच्या टायरले सोडत नाही, याची काय कथा! बगिच्यात ठिबकच्या नळ्या पाहून चालव, मागच्या ॲक्सलले एकदा गुंडाळली का पुरी लाइन उपटून येते. झडीच्या दिवसात काळ्या मातीत तं नावच काढू नको.

प्रेषक: एडमंटनची ताई

मी हाडांची डॉक्टर आहे, त्यामुळे माझ्याकडून गंमतीचं काही येणार नाही.

बाबा स्वतः चालवणार की मागे बसणार? मागे बसणार असतील तर नको. सीट लांब दिसते ती दोघांसाठी नाही, चालवणाऱ्याला पुढे-मागे सरकून तोल सांभाळता यावा म्हणून असते. मागे माणूस बसला की चढावर पुढची चाकं सुटतात, गाडी उलटते आणि अंगावर येते. धुरा चढायचा तर सरळ चढायचा, तिरका नाही. मागचा ॲक्सल एकसंध आहे, वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरन्शियल नाही, म्हणून कडक जमिनीवर वळताना गाडी सरळच ढकलत नेते. पहिल्यांदा बसणाऱ्याला हे माहीत नसतं.

अल्बर्टात 2017 पासून सार्वजनिक जमिनीवर हेल्मेटची सक्ती आहे. स्वतःच्या शेतात कुणी विचारत नाही, पण डोकं तेच असतं. आणखी एक, जे इथल्या कुठल्याही पुस्तिकेत लिहिलेलं नसेल: गळ्यात दुपट्टा टाकून बसायचं नाही. बाबाही नाही, गडीही नाही. चेन आणि ॲक्सल उघडे आहेत.

रस्त्यावर काढू नकोस हेही सांगून ठेवते. ट्रॅक्टर म्हणून नोंदलेली एखादी मोठी एटीव्ही सोडली तर या गाड्यांना आरटीओचे कागद नसतात, म्हणजे विमाही नाही. वावर ते वावर पांदणीने जाणं वेगळं आणि वरुडच्या बाजारात नेणं वेगळं.

प्रेषक: वरुडकर

दादा, काका, ताई, मनापासून आभार. आतापर्यंतचा हिशेब देतो.

टाय रॉडची उजवीकडची टोकं गेली होती. अमरावतीहून मापाची आणली, बसली. मागच्या नटात खिळाच होता, दादा! ठिणगी अजिबात नव्हती. काळी-पांढरी तार सोडवली आणि प्लगवर निळी ठिणगी. दोरीवाल्या स्विचचं आतलं स्प्रिंग गंजलं होतं, नवीन घातला. मिस्त्री म्हणत होता, "कापून टाकू भाऊ, काय कामाचा तो?" मी गाडी उलटून अंगावर येते हे ताईंचं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. एअर फिल्टरचा फोम उंदरांनी खाऊन त्यात घर केलं होतं, नवीन फोम कापून बसवला. पायलट जेट पूर्ण बंद होता.

आता सुरू होते, उभी असताना छान बोलते. थ्रॉटल दिला की मान टाकते. चोक अर्धा ओढला की मात्र चालते. मिस्त्री म्हणतो मोठ्या भोकाचा जेट टाकू.

बाबांनी पाहिली. म्हणाले, "मी आपला बंडीतच बरा." त्यामुळे ताईंच्या प्रश्नाचं उत्तर परस्पर मिळालं. फवारणीचा पंप आणि पाण्याच्या कॅन नेण्यासाठी ती आता भावाच्या ताब्यात जाईल.

प्रेषक: रेड डिअरवाला दादा

मोठा जेट मुळीच नको. चोक ओढल्यावर चालते याचा अर्थ पेट्रोलच्या मानाने हवा जास्त जातेय. ती कुठून येते ते शोध. कार्ब्युरेटर आणि हेडच्या मधे जो वाकडा पाइप आहे, त्याच्या दोन्ही तोंडांशी ओ-रिंग किंवा गास्केट असतं. उन्हात उभ्या गाडीचं रबर दगड होतं. इंजिन थंड असताना त्या सांध्यांवर बाहेरून जाड ग्रीस थाप आणि मग सुरू कर. थ्रॉटल घेतला तर चोर सापडला. नाही घेतला तर मेन जेट पुन्हा काढ, त्यात अर्धवट कचरा असेल.

प्रेषक: वरुडकर

ग्रीस थापलं आणि गाडीने थ्रॉटल घेतला. हेडकडची ओ-रिंग बोटात धरली तर बिस्किटासारखी तुटली. नवीन तालुक्यालाच मिळाली.

राहिला मागचा ब्रेक. मास्टर सिलिंडरचं किट इकडे कुणाकडे नाही, पूर्ण असेंब्ली घ्या म्हणतात आणि तीही मागवावी लागेल. फेब्रुवारीअखेर कॅनडाहून नागपूरला कुणी येतंय का? किट मुठीत मावेल एवढंच आहे. माप आणि फोटो वेगळ्या मेलने पाठवतो. तोपर्यंत किल्ली माझ्याकडे आहे, भाऊ रुसलाय.

प्रेषक: एडमंटनची ताई

माझे दीर 20 तारखेला नागपूरला उतरतायत. किट माझ्याकडे पाठव, देईन त्यांच्याबरोबर. ब्रेक ऑइलचा डबा मागू नकोस, विमानात चालत नाही. मास्टर सिलिंडरच्या झाकणावर डॉट 3 की 4 लिहिलेलं असतं, ते बघून तिकडेच घे. आणि ब्रेक लागेपर्यंत भावाला रुसू दे.