प्रवासात उपाशी राहणे हा उपाय नव्हे
प्रवासात मनसोक्त खाता यावे म्हणून दिवसभर उपाशी राहून रात्री भरपेट जेवावे, हा काही जण सुचवतात तो मार्ग मला पटत नाही, कारण भुकेने जीव कासावीस झाला की चवीकडे लक्ष राहत नाही आणि पोट भरल्याचे जाणवेपर्यंत ताटात पुन्हा वाढून घेतलेले असते. मालवणला गेल्यावर सकाळी घावन-चटणी खाऊन निघावे, दुपारी बांगड्याचे तिखले, भात आणि सोलकढी असे निवांत जेवावे. जून-जुलैत यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. तेव्हा ताज्या सुरमईचा हट्ट न धरता काळ्या वाटाण्याचे सांबार मागावे, मला तर ते मनापासून आवडते. आवडीचे खाल्ले म्हणून दुसऱ्या दिवशी लंघन करण्याची मुळीच गरज नाही, आणि मधुमेहासाठी इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण टाळूच नये.