घरगुती लेझर कोरीवयंत्र: गॉगल कोणत्या आकड्याचा घ्यावा?

मखरकार, फोंडा

नमस्कार मंडळी. फोंड्याजवळ आमची लहानशी सुतारकामाची शेड आहे. चवथीच्या मखराची जाळी, घराच्या नावाच्या पाट्या आणि करवंटीवरील नक्षी यांसाठी यंदा डायोड लेझरचे कोरीवयंत्र घेतले. खोक्यावर ठळक अक्षरांत ४० वॅट छापले आहे. आतल्या माहितीपत्रकात मात्र प्रकाशाची शक्ती १० वॅट आणि तरंगलांबी ४५५ नॅनोमीटर अशी नोंद आहे. यंत्रासोबत हिरव्या काचेचा एक हलका चष्मा मिळाला, पण त्याच्या काचेवर वा दांडीवर एकही आकडा नाही, म्हणून तो अद्याप कोणाला घालू दिलेला नाही. यंत्राला झाकण नाही. मला जवळच्या वाचनाचा चष्मा लागतो, आणि चवथ जवळ आली की शेडमध्ये भाचरांची ये-जा सुरू होते. तेव्हा कोणत्या आकड्याचा गॉगल मागावा, आणि तोच गॉगल तारे दाखवण्याच्या हिरव्या पॉइंटरसाठी व पुढे घ्यायच्या १०६४ नॅनोमीटरच्या फायबर लेझरच्या कोरीवयंत्रासाठी चालेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

यंत्रवाला, म्हापसा

माझ्याकडे कार्बन डायऑक्साइड नळीचे लेझर आहे आणि पॉलिकार्बोनेटच्या साध्या पारदर्शक चष्म्याने काम भागते. यंत्राचे झाकणही पारदर्शक ॲक्रिलिकचेच आहे. आपण एवढा खर्च का करता?

प्रयोगशाळा, पणजी

म्हापशाच्या मित्रांचे म्हणणे त्यांच्या यंत्रापुरते खरे आहे. त्यांच्या नळीचा प्रकाश १०.६ मायक्रोमीटरचा, म्हणजे दूरच्या अवरक्त पट्ट्यातला. तो ॲक्रिलिक व पॉलिकार्बोनेट या दोन्हींत शोषला जातो. ४५५ नॅनोमीटरचा निळा प्रकाश मात्र त्याच पारदर्शक चष्म्यातून जवळजवळ जसाच्या तसा डोळ्यात जाईल. कृपया फोंड्याच्या शेडमध्ये तो चष्मा कोणी वापरू नये.

आता आपल्या यंत्राचा हिशेब. ४० वॅट ही यंत्र विजेतून ओढते ती शक्ती. डोळ्यासाठी १० वॅटच धरावे. दृश्य प्रकाशाचा अखंड किरण अचानक डोळ्यात गेला तर पापणी मिटायला किंवा मान वळायला साधारण पाव सेकंद लागतो असे मानतात, आणि तेवढ्या अवधीसाठी डोळ्याच्या पृष्ठभागावर दर चौरस सेंटीमीटरला २.५ मिलिवॅट ही कमाल मर्यादा आंतरराष्ट्रीय मानकांत धरलेली आहे. अंधारात बाहुली ७ मिलिमीटरपर्यंत उघडते. तिच्या क्षेत्रफळाने गुणले की जेमतेम १ मिलिवॅट येतो, आणि धोक्यानुसार पाडलेल्या लेझरच्या वर्गांपैकी वर्ग २ च्या पॉइंटरची सीमा १ मिलिवॅट ठेवली आहे ती यामुळेच. आपला किरण त्याच्या दहा हजार पट आहे. अर्ध्या वॅटच्या वर सर्वांत धोकादायक असा वर्ग ४ सुरू होतो, त्यामुळे झाकणाविना चालणारे आपले यंत्र त्याच वर्गात मोडते. इथे पापणीच्या वेगावर विसंबता येत नाही, कारण उन्हात धरलेले भिंग कागद जाळते त्याच रीतीने डोळ्याचे भिंग तो किरण दृष्टिपटलावरच्या अतिसूक्ष्म ठिपक्यात, सुमारे लाख पट तीव्र करून, गोळा करते.

गॉगलवरची प्रकाशीय घनता, म्हणजे ओडी, हा दहाचा घात असतो. ओडी ४ म्हणजे दहा हजारातील एक भाग आत येतो. याचा अर्थ १० वॅटच्या सरळ किरणासाठी ओडी ४ आपल्याला नेमके मर्यादेच्या काठावर आणून सोडते. मी ओडी ५ किंवा ६ घ्या असेच सांगेन. तो आकडा ४५५ नॅनोमीटर सामावणाऱ्या पट्ट्यासह काचेवर किंवा चौकटीवर छापलेला असावा. युरोपीय मानक ईएन २०७ नुसार तपासलेल्या गॉगलवर तरंगलांबीच्या पट्ट्याबरोबर अखंड किरणासाठी ‘डी’ हे अक्षर आणि ‘एलबी’ची पातळी कोरलेली असते, ही पातळी देताना काच आणि चौकट थेट किरण किती सोसतात हेही पाहिलेले असते. नुसते ‘लेझर सेफ्टी’ हे शब्द किंवा काचेचा रंग म्हणजे पुरावा नव्हे.

विखुरलेल्या प्रकाशाकडे लोक दुर्लक्ष करतात, म्हणून त्याचाही आकडा देतो. पांढऱ्या, चकाकी नसलेल्या पृष्ठभागाने सगळे १० वॅट विखुरले असे सर्वांत वाईट गृहीत धरले, तर ३० सेंटीमीटरवर दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ३.५ मिलिवॅट पडतात, म्हणजे पाव सेकंदाच्या मर्यादेहून अधिक. अर्ध्या मीटरवर ते १.३ मिलिवॅटपर्यंत उतरतात. पण निळ्या प्रकाशाचा दृष्टिपटलावरील रासायनिक परिणाम साठत जातो, आणि १०० सेकंदांहून अधिक काळ पाहायचे असेल तर मर्यादा ०.१ मिलिवॅट इतकी खाली येते. तेवढे उतरायला पावणेदोन मीटरहून थोडे अधिक अंतर लागते. कारागीर काय करतो? जाळी नीट कापली जाते का हे पाहायला यंत्रावर ओणवा होतो आणि जळणारा ठिपका मिनिटामागून मिनिट न्याहाळतो. पॉलिश केलेल्या स्टीलच्या किल्लीसाखळीवर तर किरण विखुरतच नाही. तो जवळपास पूर्ण ताकदीने कुठेतरी फेकला जातो.

दृष्टी, मडगाव

मी नेत्ररुग्णांच्या तपासणीत मदत करते, त्यामुळे एवढेच सांगते: दृष्टिपटलाला वेदना कळत नाहीत. दुखत नाही म्हणून इजा झाली नाही असे समजू नये. किरण डोळ्यात गेल्यानंतर मधोमध काळा वा धूसर डाग दिसत राहिला, किंवा चौकटीच्या सरळ रेषा वाकड्या दिसू लागल्या, तर घरात थेंब घालत न बसता बाहुली मोठी करून दृष्टिपटल तपासून घ्यावे व ओसीटी, म्हणजे दृष्टिपटलाच्या थरांचे चित्र काढणारी तपासणी, करून घ्यावी. बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, नेत्रविभाग आहे. जाताना यंत्राची तरंगलांबी आणि शक्ती कागदावर लिहून न्यावी.

मखरकार, फोंडा

आपणा सर्वांचे मनापासून आभार. भाचरांसाठी तीन-चार गॉगल आणून ठेवले तर पुरेल का? आणि गॉगल खरा आहे की नाही हे घरी तपासता येते का?

प्रयोगशाळा, पणजी

मुलांच्या बाबतीत गॉगलवर भिस्त ठेवू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मोठ्यांचा गॉगल लहान चेहऱ्यावर बसत नाही, नाकाशी आणि कानशिलाशी फट राहते, आणि मूल तो क्षणात कपाळावर सरकवते. आधी यंत्राला पेटी करा. प्लायची अपारदर्शक पेटी, आतून काळा मॅट रंग, धूर ओढायला मागे पंखा व वळणाची नळी, आणि झाकण उचलताच लेझरचा पुरवठा तोडणारी कळ, एवढे काम आपण सुतार असल्याने स्वतःच उत्तम कराल. आत एक स्वस्त कॅमेरा लावून काम मोबाइलवर पाहावे. खिडकी हवीच असेल तर तिच्या केशरी पत्र्यालाही ओडीचा आकडा मागावा. पाट्यांच्या दुकानातील रंगीत ॲक्रिलिक तिथे चालणार नाही. पेटी झाल्यावर गॉगल लागतो तो झाकण उघडून किरण जुळवताना, आणि तो आपल्याला. वाचनाच्या चष्म्यावरून बसेल असा, बाजूंनी बंद असलेला घ्यावा.

घरच्या तपासणीने खोटा गॉगल पकडता येतो, पण खरा सिद्ध होत नाही. अगदी कमी शक्तीवर, गॉगल कोणाच्याही डोळ्यावर नसताना, तो पकडीत धरून मागे पांढरा कागद ठेवावा. कागदावर निळा ठिपका दिसला तर तो गॉगल बाद. ठिपका दिसला नाही, तरी ओडी ३ आहे की ६ हे डोळ्याला कळत नाही. त्यासाठी शक्तिमापक लागतो.

आता तिसरा प्रश्न. आपल्या निळ्यासाठीचा केशरी गॉगल फायबर यंत्राला चालणार नाही, कारण १०६४ नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश त्यातून निघून जातो. तो दिसत नाही, म्हणून पापणीही मिटत नाही, आणि तरी डोळ्याचे भिंग तो दृष्टिपटलावरच केंद्रित करते. शिवाय कोरणीची बहुतेक फायबर यंत्रे अतिसूक्ष्म स्पंदांत चालतात, त्यामुळे ईएन २०७ च्या खुणेत १०६४ सोबत ‘आर’ हे अक्षर पाहावे. हिरव्या पॉइंटरमध्येही आत ८०८ आणि १०६४ नॅनोमीटरचा प्रकाश तयार होतो, त्यातूनच ५३२ चा हिरवा मिळतो. अवरक्त अडवणारी गाळणी नसेल तर तो अवरक्त प्रकाश बाहेरही पडतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने, निस्टने, २०१० मध्ये अशा एका स्वस्त पॉइंटरची नोंद केली, ज्यातून हिरव्यापेक्षा कितीतरी अधिक अवरक्त निघत होता. तारे दाखवायला गॉगल नको, ५ मिलिवॅटपर्यंतचा गाळणी असलेला पॉइंटर हवा. मोपा किंवा दाबोळीकडे येणाऱ्या विमानाच्या दिशेने तो कधीही धरू नये.

मखरकार, फोंडा

पेटीचे माप आजच काढले. गॉगल ओडी ६, ४५५ सामावणारा, चष्म्यावरून बसणारा असा मागवतो. पावसाळ्यात आमच्याकडे काचांना बुरशी धरते, त्याचे काय करावे?

प्रयोगशाळा, पणजी

सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा, आणि सौम्य साबणाच्या पाण्याने धुऊन मऊ कापडाने टिपावा. थिनर किंवा ॲसिटोन लावू नये. काचेला खोल ओरखडा, तडा किंवा जळल्याचा डाग दिसला, तर तो गॉगल वापरातून काढून नवा घ्यावा.