मदत हवी आहे: फाशाला जामीन कसा द्यायचा?

आम्ही पाच जण रविवारी डंजन्स अँड ड्रॅगन्स (पाचवी आवृत्ती) खेळतो; यात प्रत्येक जण एक पात्र होतो आणि त्याचे डाव जमतात की फसतात ते फासा ठरवतो. वीस बाजूंच्या फाशावर लागोपाठ दोनदा १ (सगळ्यात वाईट आकडा) पडला, की तो फासा त्या दिवसापुरता लोणच्याच्या रिकाम्या बरणीत कैद. हा पुस्तकातला नियम नाही, आमची प्रथा. दुसऱ्याच्या फाशाला हात लावायचा नाही, हीसुद्धा आमचीच!

नवी मेंबर एकच फासा आणते. परवा ऐन ड्रॅगनसमोर तो बरणीत गेला आणि ती हात बांधून बसली. फासा मिठाच्या पाण्यात तरंगवून पाहिला, एका बाजूला झुकत नाही, म्हणजे फाशात खोट दिसत नाही. मोबाइलवरचा फासाही वापरला, पण खडखडाटाशिवाय कुणालाच मजा येईना. दुसरा फासा घ्यायला ती तयार नाही, बरणी काढायला बाकीचे.

तुमच्याकडे अशी कैद असेल तर फासा मध्येच सोडवायला खेळाडूकडून काय वसूल करता?